संजीवन हवंय? आधी थकबाकी काढा

आमच्या मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, तीन दिवसांच्या संजीवन (रिव्हायव्हल) सभांना १,८७,४०० रुपये खर्च आला. आकडा मला पाठ आहे, कोषाध्यक्ष मीच. मांडव, साउंड, एलईडीचा पडदा, बाहेरगावच्या वक्त्यांचं विमानाचं तिकीट आणि हॉटेल, तीन रात्री तीनशे माणसांचा पुलाव. शेवटच्या रात्री व्यासपीठावरून जाहीर झालं, “कोपरखैरण्यात संजीवन आलेलं आहे!” हालेलुयाचा गजर झाला, लोक गुडघ्यांवर आले, रडले. मीही रडले, खोटं कशाला सांगू.

सोमवारी सकाळी साडेसातला मांडववाला दारात. त्याचे ९,००० राहिले होते. मी मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांना फोन लावला. “पुढच्या महिन्याच्या अर्पणातून बघू,” म्हणाले. मी त्याला चहा पाजला आणि पुढच्या महिन्याचा वायदा दिला. तो काही बोलला नाही, कप ओट्यावर ठेवला आणि जिना उतरून गेला. पुढच्या रविवारी उपासनेला ५२ जण होते. सभांच्या आधीच्या रविवारी ५४.

मी वाशीच्या मसाला मार्केटात एका गाळ्यावर ३१ वर्षं हिशेब लिहिले. मिरची, धणे, हळद, रोजमेळ, खतावणी. निवृत्त झाले आणि मंडळीनं कोषाध्यक्षपद गळ्यात घातलं. त्यामुळे पुढं जे सांगते त्याला वहीचा वास येईल, हळदीचा आला तरी चालवून घ्या. सभांना आता तीन वर्षं झाली. या तीन वर्षांत आम्ही काही जणींनी आणि दोन-तीन पुरुषांनी जे करून पाहिलं ते लिहितेय. आपल्या मंडळीत संजीवन यावं असं ज्याला मनापासून वाटतंय आणि जो मांडवाचं बुकिंग करायला निघालाय, त्यानं बुकिंगच्या आधी वाचावं.

शब्द नीट समजून घ्या

संजीवन म्हणजे जे एकदा जिवंत होतं त्यात पुन्हा जीव येणं. स्तोत्र ८५ मध्ये देवाला ‘आम्हाला पुन्हा जिवंत कर’ असं जे म्हणतात ते देवाचेच लोक आहेत. यहेज्केलाच्या ३७ व्या अध्यायातली सुकी हाडं इस्राएलाच्या घराण्याची आहेत, शेजारच्या राज्यातली नाहीत. सोसायटीतल्या शेजाऱ्यांच्या दारात पत्रकं सारण्याशी याचा काही संबंध नाही. हे घरातलं काम आहे.

डोकी मोजूही नका. नवी मुंबईत माणसं भाडं वाढलं की घर बदलतात आणि पाळकांशी (पास्टरशी) बिनसलं की मंडळी बदलतात. ऐरोलीहून दोन कुटुंबं आमच्याकडे आली की आम्ही लगेच ‘प्रभूनं वाढ दिली’ म्हणून उपकारस्तुती करतो. मार्केटात याला वाढ म्हणत नाहीत. गिऱ्हाईक एका गाळ्यावरून उठून दुसऱ्या गाळ्यावर बसलं, माल तेवढाच आहे.

आणि तारीख टाकू नका. पत्रिका सभेची छापता येते, संजीवनाची नाही. माझ्या वडिलांची नगर जिल्ह्यात कोरडवाहू जमीन होती. पाऊस त्यांच्या हातात नव्हता, उन्हाळ्यात बांध दुरुस्त करणं होतं. ज्या वर्षी त्यांनी बांध बघितला नाही त्या वर्षी चांगला पाऊस होऊनही सगळं पाणी ओढ्याला गेलं. खाली जे लिहितेय ते बांधाचं काम आहे.

वही घ्या

साधी शंभर पानी वही. प्रार्थनेची डायरी वगैरे नको, त्यांत वचनं छापलेली असतात आणि माणूस आपलं काही लिहीतच नाही. तीन रकाने आखा: कोणाचं देणं, काय देणं, कधी फेडलं.

येण्याचा रकाना ठेवायचा नाही. मी पहिल्या दिवशी चार रकाने आखले होते. तासाभरात येण्याची दोन पानं भरली आणि देण्याच्या बाजूला तीन ओळी. कोण मला काय बोललं, कोणी माझ्या मुलीच्या लग्नात काय केलं, सगळं तारखेनिशी. ती पानं फाडली. मत्तयाच्या सहाव्या अध्यायातल्या प्रार्थनेत आपण दर रविवारी ‘ऋणे’ हाच शब्द म्हणतो: आम्ही आमच्या ऋण्यांना सोडलं तशी तू आमची सोड. चाळीस वर्षं म्हणत आले, त्या शब्दाचा अर्थ एका हिशेबनीस बाईच्या डोक्यात शिरला नव्हता.

रविवारी बसू नका, रविवारी आपण सगळे बरे असतो. मंगळवार-बुधवारी, फोन स्वयंपाकघरात ठेवून, तासभर. स्तोत्र १३९ च्या शेवटच्या दोन ओव्या सावकाश वाचा, ‘हे देवा, माझी झडती घे’ त्या. मग लिहा. ‘गर्व’, ‘लोभ’, ‘प्रार्थनेत कमी पडणं’ असले शब्द लिहायचे नाहीत. ते कोणाला परत करता येत नाहीत म्हणूनच आपल्याला आवडतात. नाव लिहा, आकडा लिहा, तारीख लिहा. दूधवाल्याचे ३४०. घरकाम करणाऱ्या बाईचे सुट्टीचे कापलेले दोन दिवस. सासूबाईंना आजारपणात बोललेलं ते एक वाक्य, शब्दाला शब्द.

माझ्या वहीतली पहिली ओळ अशी होती: कापणीच्या सणाच्या लिलावाचे ६,५००. वस्तूंचा लिलाव झाला, पैसे माझ्या पर्समध्ये आले, त्याच आठवड्यात मुलीची फी भरायची होती. मी त्यातून भरली. सतरा दिवसांनी पेन्शन आली तेव्हा पैसे बँकेत टाकले आणि वहीत तारीख मागची लिहिली. कोणाला कळलं नाही, ताळा तर चोख बसला. मी स्वतःला सांगत होते, आपण परत टाकलेत ना. गाळ्यावर एखाद्या पोऱ्यानं असं केलं असतं तर मीच शेटजींना सांगून त्याला त्याच दिवशी घरी बसवलं असतं.

पाळकसाहेबांना आधी सांगितलं, मग पंचांच्या बैठकीत. बोलायला दोन मिनिटं लागली. एक पंच म्हणाले, “भरलेत ना, मग आता कशाला?” दुसरे पंख्याकडे बघत बसले. मी राजीनामा पुढं केला. तो घेतला नाही, पण तेव्हापासून दोघांच्या सह्या, अर्पण मोजायला दोघं, आणि दर महिन्याचा जमाखर्च फलकावर. पहिल्यांदा फलकावर कागद लागला तेव्हा मला कोणीतरी चारचौघांत थोबाडीत मारल्यासारखं झालं. पण पश्चात्ताप केला आणि तिजोरीची किल्ली पुन्हा एकटीकडेच ठेवली तर त्याला मी पश्चात्ताप म्हणणार नाही.

लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातला जक्कय बघा. येशू त्याच्या घरी गेला तेव्हा त्यानं साक्ष देत बसण्याऐवजी टक्केवारी सांगितली. अर्धं गरिबांना, आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट. ‘आज या घराला तारण प्राप्त झालं’ हे त्यानंतर आलं. लेवीयच्या सहाव्या अध्यायात तर नियमच आहे: घेतलेलं पुरं परत, वर पाचवा हिस्सा. हा पाचवा हिस्सा लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

किती जणांसमोर बोलायचं

यात आम्ही चुकलो, म्हणून वेगळं सांगते. माझं प्रकरण झाल्यावर दोन-तीन जणांना जोर आला. एका उपासनेत एक जण माईकवर उभा राहिला आणि आपल्या पापांबरोबर बायकोचीही सांगून मोकळा झाला. ती तिसऱ्या ओळीत बसली होती. पुढचे दोन महिने ती आली नाही आणि मी तिला दोष देत नाही.

पाप जेवढ्या माणसांत झालं तेवढ्याच माणसांत कबूल करायचं. एकाचं नुकसान केलं तर त्या एकापुढं. मंडळीच्या पैशाचं असेल तर मंडळीपुढं. मनातलं असेल तर देवापुढं, फार तर एका भरवशाच्या माणसाजवळ. याकोब ५:१६ मध्ये एकमेकांजवळ पापं कबूल करा म्हटलंय, त्यासाठी तेवढं पुरतं. दुसऱ्याचं पाप आपल्या साक्षीत कधीच नाही. आणि कोणा बाईला घरात मार बसत असेल, कोणा लेकराला कोणी हात लावत असेल, तर तिथं ‘क्षमा कर बाई, संजीवन यायचंय’ असं म्हणणाऱ्याला आधी खोलीबाहेर काढा. तिथं ११२ लावायचा, लेकरू असेल तर १०९८. क्षमा ही तिची गोष्ट, तिच्या वेळेनं. मंडळीची अब्रू राखायला ती वापरायची नाही.

कळव्याचा जिना

वहीतली चौथी ओळ माझी धाकटी जाऊ. सासऱ्यांच्या कळव्याच्या खोलीवरून नऊ वर्षं आम्ही बोलत नव्हतो. खोली कायद्यानं कोणाची हे इथं सांगत नाही, कारण सांगायला लागले की मी पुन्हा वकील होते. सासऱ्यांच्या मातीच्या दिवशी, कबरस्तानात, लोकांसमोर मी तिला एक शब्द बोलले होते. तो शब्द माझ्या देण्यात होता. खोली कोणाचीही असो.

मत्तय ५:२३-२४ मध्ये म्हटलंय, अर्पण वेदीजवळच ठेव आणि आधी जाऊन भावाशी समेट कर. मला हे आठवत होतं तरी मी नऊ वर्षं अर्पण मोजत होते. शेवटी एका शनिवारी कोपरखैरण्याहून ठाण्याची लोकल धरली. ऐरोली गेलं, दिघा गेलं, ठाण्याला उतरले आणि स्टेशनबाहेर वीस मिनिटं उसाचा रस पीत उभी राहिले. हे तेच ठाणं, जिथं १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन धर्मबंधूंनी ख्रिस्तासाठी जीव दिला. प्रवासी ओडोरिक यांनी नंतर येऊन त्यांच्या अस्थी गोळा केल्या. त्यांना कापून काढलं आणि मला इथं कळव्याची रिक्षा पकडवत नव्हती.

गेले. तिनं दार उघडलं, पाणी दिलं, चहा टाकला. मी म्हणाले, “मातीच्या दिवशी मी तुला जे बोलले ते चुकीचं होतं. लोकांसमोर बोलले हे त्याहून. मला माफ कर.” एवढंच. ‘पण तूही’ हे दोन शब्द घरून निघताना गिळून आले होते, त्यांची चव अजून तोंडात होती. ती म्हणाली, “बरं.” मग कुकरची शिट्टी झाली आणि ती आत गेली.

लोक विचारतात, मग काय झालं? फार काही नाही. ती आमच्या मंडळीत आली नाही, गळ्यात गळा पडला नाही. पुतण्या आता ख्रिस्तजयंतीला फोन करतो. पण त्या रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी भाकर हातात घेतली आणि मला नऊ वर्षांत पहिल्यांदा इकडंतिकडं बघावंसं वाटलं नाही.

तुम्ही जाल तेव्हा: फोनवर करू नका, व्हॉट्सॲपवर तर मुळीच नको. तुम्ही काय केलंत ते नेमकं बोला, ‘काही चुकलं असेल तर’ म्हणू नका. उत्तराची वाट बघत बसू नका. चहा दिला तर प्या आणि निघा.

तिघी जणी, चाळीस मिनिटं

वही आणि प्रार्थना बरोबरीनं चालली पाहिजे, नाहीतर वहीवाला माणूस आंबट होतो आणि प्रार्थनावाला हवेत.

उदाहरणासाठी कुठं लांब जायला नको, दौंडजवळचं केडगाव पुरतं. जानेवारी १९०५ मध्ये पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशनमधल्या मुलींना विचारलं, रोज माझ्याबरोबर प्रार्थनेला कोण बसेल? ७० जणी पुढं आल्या. जूनपर्यंत दिवसातून दोनदा बसणाऱ्या ५५० झाल्या. जूनच्या अखेरीस एका पहाटे एका मुलीच्या अंगावर आग दिसली म्हणून दुसरी पाण्याची बादली आणायला धावली, अशी त्या वेळची हकिगत आहे. सभेच्या वक्त्यांना ही बादली फार आवडते. पण त्या बादलीच्या आधीचं आणि नंतरचं कोणी सांगत नाही. ते घर १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळांतून उचलून आणलेल्या मुलींचं, विधवांचं होतं. तिथं विहिरी होत्या, शेती होती, दळण होतं, छापखाना होता. आणि आग विझल्यावर, म्हणजे रडणं-गाणं ओसरल्यावर, मुली टोळ्या करून आसपासच्या गावांत गेल्या, आणि रमाबाई १९२२ मध्ये मरेपर्यंत साध्या माणसाला कळेल अशा मराठीत बायबल उतरवत बसल्या. सहा महिन्यांची रोजची बैठक, मग एक पहाट, मग सतरा वर्षांचं काम. मला तरी ती बादली मधल्या एका ओळीएवढी वाटते.

दुसरं उदाहरण मला बाजारातली म्हणून आवडतं. न्यूयॉर्कमध्ये २३ सप्टेंबर १८५७ ला जेरेमाया लॅन्फियर यांनी व्यापारी-कारकुनांसाठी दुपारी बाराला प्रार्थनेची खोली उघडली. पहिला अर्धा तास ते एकटेच. तास संपेपर्यंत मोजून सहा जण. पुढच्याच महिन्यात बँका अडचणीत आल्या, धंदे बसले, आणि काही महिन्यांत शहरभर दुपारच्या प्रार्थना भरू लागल्या. सहा जणांवर खोली बंद केली असती तर?

आम्ही तिघींनी सुरू केलं. मंगळवारी रात्री सव्वानऊ, जेवणं उरकल्यावर, माझ्या सिडकोच्या खोलीत. नियम अनुभवातून पडत गेले.

चहा नाही. पहिल्या महिन्यात चहा होता, मग चहाबरोबर बिस्किट, मग कोणीतरी ढोकळा आणला, मग पुढच्या वेळी त्याहून चांगलं काहीतरी आणायला लागलं आणि प्रार्थनेची भिशी झाली. बंद.

बातम्या नाहीत. ‘अमकीच्या मुलासाठी प्रार्थना करा, त्याचं जरा बाहेर चाललंय’ ही प्रार्थना नव्हे, चुगली आहे. नाव घ्या, देवाला बाकीचं माहीत आहे.

आधी शुभवर्तमानाचा एक अध्याय मोठ्यानं वाचायचा, स्पष्टीकरण न करता. मग पाच मिनिटं गप्प. हे पाच मिनिट सगळ्यात अवघड जातं. पहिल्या आठवड्यात आम्हाला फ्रिजचा आवाज पाठ झाला. मग प्रत्येकीनं थोडक्यात प्रार्थना करायची. पाळकांसाठी दर वेळी, तक्रार न घालता. दहानंतर गाणं नाही. खालच्या मजल्यावरच्या माथाडी भाऊंना पहाटे चारला मार्केटात जायचं असतं, आणि त्यांची झोपमोड करून आपण कुठल्या आत्म्यात गातो हे त्यांनी विचारलं तर उत्तर नाही.

आणखी एक वही: मागितलं कधी, झालं काय. जे झालं नाही तेही लिहायचं. आमच्यातल्या एकीच्या नवऱ्याची दारू सुटावी म्हणून पहिली ओळ आहे. तिच्यासमोर अजून काही लिहिलेलं नाही.

तिघींच्या सात झाल्या, सातांच्या चार, पावसाळ्यात दोघी. आता नऊ आहोत, त्यात दोन पुरुष आणि तरुण संघातली एक मुलगी. ती मला मावशी म्हणते आणि वेळेवर येते, एवढ्यावरून मी तिच्यावर खूश आहे.

उपासाचं थोडक्यात. शुगर, बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास करू नये. मी शुगरवाली आहे, मी एक वेळचं बाहेरचं खाणं सोडते आणि ते पैसे वेगळे काढते. यशया ५८ वाचलात तर कळेल की देवाला तरी कुठं नुसतं पोट रिकामं हवंय.

दुरुस्तीच्या खर्चात सापडलेलं पुस्तक

२ राजे, बाविसावा अध्याय. हा माझा सगळ्यात आवडता भाग, आणि मी कधी त्यावर प्रवचन ऐकलं नाही. योशीया राजा मंदिराची दुरुस्ती काढतो. दाराशी जमलेला पैसा मोजून सुतार, गवंडी यांना द्यायला सांगतो. सातव्या ओवीत म्हटलंय की त्यांच्याकडून हिशेब घेत नसत, कारण ते सचोटीनं वागत. (आमच्या पंचांनी ही ओवी मला दाखवली होती. मी म्हटलं, ते योशीयाचे सुतार होते, मी तुमची कोषाध्यक्ष आहे, तुम्ही हिशेब घ्या.) त्या पैशाच्या कामात असताना हिल्कीया याजकाला नियमशास्त्राचं पुस्तक सापडतं. मंदिरातच हरवलेलं. शाफान चिटणीस राजाकडे जातो, आधी पैशाचा हिशेब देतो, मग सांगतो, एक पुस्तकही मिळालंय. राजा ऐकतो आणि वस्त्रं फाडतो.

म्हणून आमच्याकडे आम्ही पुस्तक बाहेर काढलं. उपासनेत वचनाचं वाचन तरुणांकडून, मराठीत, आठवडाभर आधी घरी सराव करून. आपल्या मुलांना मराठी वाचताना धाप लागते, ही आपली थकबाकी. पहिल्यांदा एका मुलानं ‘नहेम्या’ला ‘नेहमी’ म्हटलं, सगळे हसले, तोही हसला. आता बरं वाचतो. गाण्यांवरून भांडू नका: पेटीवर ‘उपासना संगीत’ या आपल्या गीतांच्या पुस्तकातलं एक, गिटारवर त्यांचं एक. आमचे दोन पंच आणि गायनमंडळ या एका मुद्द्यावर चौदा महिने भांडले. एवढ्या वेळात अख्खं बायबल वाचून झालं असतं.

खरं-खोटं कसं ओळखायचं

रडण्यावरून ओळखू नका. जोनाथन एडवर्ड्स या पाळकांनी अमेरिकेत १७४१ मध्येच लिहून ठेवलंय की रडणं, थरथरणं, खाली कोसळणं यावरून काम देवाचं आहे असंही ठरत नाही आणि नाही असंही ठरत नाही. ते बघायला सांगतात: ख्रिस्ताबद्दलचा आदर वाढला का, पापाशी वैर आलं का, शास्त्राची ओढ लागली का, माणसांवर प्रेम आलं का. १९०४ च्या वेल्समधल्या संजीवनात खाणकामगारांनी शिव्या सोडल्या तेव्हा खाणीतल्या घोड्यांना त्यांचे हुकूमच कळेनात, असं सांगतात. मार्केटात ३१ वर्षं काढलेल्या बाईला हे लगेच पटतं.

मी तीन माणसांना विचारते. जिथं सभा भरते तिथल्या वॉचमनला, पंचांच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईला, आणि पाळकांच्या बायकोला. तिघांना काही फरक जाणवला नसेल तर व्यासपीठावर काहीही जाहीर होवो.

कोणी गोळ्या बंद करा म्हणालं, बरं होण्याआधी रक्कम सांगितली, ‘बी’ पेरा म्हणून पाकीट पुढं केलं, तर नम्रपणे उठा.

आणि एक प्रश्न जो आपण मराठी ख्रिस्ती लोक बोलतच नाही. मुलीचं स्थळ आलं की आपण विचारतो, “मूळचे कोण?” बाप्तिस्मा होऊन चार पिढ्या झाल्या तरी विचारतो. मी स्वतः विचारलं होतं, धाकटीच्या वेळी, आवाज खाली करून. ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला, तिथं बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त एका पंगतीचे होते. शंभर वर्षं उलटून गेली, आणि आपल्या मंडळीत बाप्तिस्मा घेतलेल्यांच्याच दोन पंगती, फक्त ताटं एकसारखी. माझ्या वहीत ही ओळ अकरावी आहे. ‘कधी फेडलं’च्या रकान्यात मी एक तारीख लिहिली होती, मग खोडली. ज्या कुटुंबाबद्दल विचारलं त्यांना भेटून आले, पण ते काही एका भेटीत फिटणारं नाही.

मांडववाल्याचं काय झालं

सभांनंतर सात महिने त्याचे पैसे राहिले होते. माझं लिलावाचं प्रकरण बैठकीत झालं, त्याच्या पुढच्याच बैठकीत मी विषय काढला. ९,००० द्यायचे यावर वाद नव्हता. मी म्हटलं, लेवीय सहा, वर पाचवा हिस्सा, म्हणजे १,८००. त्यावर तासभर चर्चा झाली. एक म्हणाले, आपण चोरी थोडीच केली, उशीर केला. दुसरे म्हणाले, जुना करार. तिसरे, तेच जे माझ्या वेळी पंख्याकडे बघत बसले होते, त्यांनी खिशातून पाचशेच्या दोन नोटा काढून टेबलावर ठेवल्या. मग बाकीच्यांनी.

पाळकसाहेब आणि मी घणसोलीला त्याच्या गोडाऊनवर गेलो. बांबू, कनाती, गणपतीच्या मांडवाचं सामान निघत होतं. त्यानं नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि म्हणाला, “मॅडम, हे वरचे कशाचे?”

पाळकसाहेब रविवारी चाळीस मिनिटं बोलतात. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“उशीर झाला त्याचे,” मी म्हटलं.

त्यानं पावती पुस्तक काढलं, १०,८०० लिहिले, तपशिलात एक ओळ ‘मांडव’ आणि दुसरी ओळ ‘उशीर’. ती पावती फाइलला लावलेली आहे.